मेस्ताकडून करून घेतलेली सीपी चेअर: कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलाला नीट बसवायची ही खुर्ची दुकानात मिळत नाही, हे आधीच सांगते. डिचोलीहून साखळीला जाताना वाटेत एका मेस्तांची, म्हणजे सुतारांची, शेड आहे. देव्हारे, पाट, दारं-खिडक्या ही त्यांची नेहमीची कामं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी काढून दिलेल्या मापांवरून त्यांनी आमच्या सोनूसाठी ही खुर्ची केली. लाकूड, मरीन प्लाय, फोम, रेक्झिन, पट्टे आणि मजुरी असं सगळं धरून 9,500 रुपये झाले. एक अख्खा पावसाळा तिच्यावरून गेलाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. गोव्यात पावसाळा काढल्याशिवाय लाकडी वस्तूचं कौतुक करू नये.

सोनू आठ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणं, त्यातला स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठ होणारा प्रकार. पाय जास्त कडक, हात त्या मानाने बरे, मान चांगली धरतो, पण धड स्वतःच्या जोरावर फार वेळ तोलत नाही. मूल किती हालचाल करू शकतं ते सांगणारी जीएमएफसीएस म्हणून एक मोजपट्टी आहे, 1997 मध्ये कॅनडात तयार झालेली, तिच्या पाच पायऱ्यांत त्याची चौथी. पहिल्या पायरीवरचं मूल चालतं, धावतं. पाचव्या पायरीवरच्या मुलाला मानही सावरून धरावी लागते. तुमचं मूल कुठल्या पायरीवर आहे ते माहीत करून घ्या आणि मगच पुढचं वाचा. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या मुलाला असल्या खुर्चीची बहुधा गरजच नसते. पाचव्या पायरीच्या मुलाला ही पुरणार नाही.

याआधी आमच्याकडे तयार खुर्ची होती. कुठल्या दुकानातून आणली, कुठल्या कंपनीची, ते लिहीत नाही. लोखंडी सांगाडा, निळं रेक्झिन, पुढे ट्रे, छातीला फुलीचा पट्टा. दिसायला एकदम हॉस्पिटलसारखी भक्कम. सोनूला बसवलं की पहिली पाच मिनिटं बरी जायची, मग तो खाली घसरायला लागायचा. बूड पुढे, पाठ गोल, हनुवटी छातीला. आम्ही बगलेत हात घालून वर ओढायचो, परत तेच. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, पट्टा आणखी आवळा. आवळला. मग सोनू घसरून पट्टाच गळ्याशी यायला लागला. हे ज्यांच्या घरी होत असेल त्यांनी तो छातीचा पट्टा आजच्या आज सैल करावा. घसरणाऱ्या मुलाला छातीच्या पट्ट्याने अडवणं धोक्याचं आहे.

सासूबाईंचं मत होतं की पाठीतच काहीतरी दोष आहे. ‘गो, पाठीच्या डॉक्टरला दाखव, नाहीतर कंबरेचा बेल्ट तरी लाव.’ त्यांचंही खोटं नव्हतं. बसला की सोनूची पाठ कमानीसारखी बाहेर यायची आणि धरून उभा केला की उलट कंबर आत जायची, पोट पुढे. एकाच मुलाच्या पाठीचे दोन उलटे आकार. पाठ वाकडी असती तर दोन्ही वेळा एकाच बाजूला वाकडी दिसली असती, हे मॅडमनी दाखवून दिल्यावर पटलं.

त्यांनी चटईवर दाखवलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण या खुर्चीचं सगळं शहाणपण त्यातच आहे. सोनूला उताणा झोपवला. एक गुडघा त्याच्या पोटाशी धरला आणि मला म्हणाल्या, ‘ताई, आता दुसऱ्या पायाकडे बघा.’ दुसरी मांडी चटईवरून आपोआप वर उचलली गेली होती. दाबली तर कंबर उचलली जायची. म्हणजे खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड झालेले, मांडी पूर्ण सरळ होऊच देत नाहीत. उभं राहताना तेच स्नायू कमरेला पुढे खेचतात. मग खुबा नव्वद अंशात ठेवून त्यांनी गुडघा हळूहळू उघडायला घेतला. बराच अलीकडे पाय अडला. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला तर सरळ व्हायला 55 अंश कमी. जोर न लावता तिथेच धरून त्यांनी माझा हात घेतला आणि सोनूच्या ढुंगणाखाली ठेवला. गुडघा जरासा आणखी उघडला की बसायचं हाड माझ्या बोटांवरून पुढे सरकत होतं. गुडघा मिटला की परत मागे.

मांडीच्या मागचा स्नायू त्या बसायच्या हाडापासून निघतो आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतो. दोन सांधे ओलांडतो. तो आखूड असेल आणि तुम्ही गुडघा सरळ करायला गेलात, तर तो कुठूनतरी भरपाई करणारच. पेल्व्हिस, म्हणजे कमरेचा हाडांचा कटोरा, मागे कलंडवतो, पेल्व्हिस कलंडला की त्याच्यावर उभा असलेला कणा गोल होतो, कणा गोल झाला की मान पुढे. बाहेरून आपल्याला दिसते फक्त पाठ. ‘पाठीला अजून हात लावू नका,’ मॅडम म्हणाल्या. ‘पाय जिथे ठेवाल तिथून पाठ ठरणार आहे.’

मग त्या जुन्या खुर्चीकडे गेल्या आणि फूटरेस्टवर बोट ठेवलं. तो पुढे होता, पक्का वेल्ड केलेला. सोनूचे पाय त्यावर ठेवून टाचेचे पट्टे बांधले की गुडघे उघडायचे, स्नायू ताणला जायचा आणि बूड पुढे निघायचं. आम्ही पाय बांधून त्याला खाली ओढत होतो आणि छातीला बांधून वर. शिवाय बैठक लांब होती. तिची कड पोटरीला टेकायची, म्हणून बूड पाठीपर्यंत पोचतच नव्हतं.

मी घरी ब्लाउज शिवते. तयार मापाचा ब्लाउज अंगात चढतो, पण हात वर केल्यावर कळतं तो बसलाय की नाही. खुर्चीचं मलाही हे आधी सुचायला हरकत नव्हती, पण आजारी मुलाची वस्तू म्हटली की आपण तिच्यावर शंका घेत नाही. छापील कॅटलॉग असतो ना.

मापं घ्यायला मॅडम स्वतः आल्या. टेप माझीच. पाठीमागून गुडघ्याच्या खळगीपर्यंत जी लांबी येईल त्यातून दोन बोटं कमी, ती बैठकीची खोली. कुल्ल्यांची रुंदी आणि दोन्हीकडे एकेक बोट, ती रुंदी. खळगीपासून टाचेपर्यंत, एएफओ घालून आणि न घालता, दोन्ही. एएफओ घालूनचं माप बरेच जण विसरतात. एएफओ म्हणजे पावलाचा प्लॅस्टिकचा बूट. त्याचा तळ आणि वरून चप्पल असं धरलं की उंची बदलते, गुडघे वर येतात, मांडी बैठकीवरून सुटते आणि सगळं वजन बुडावर येतं.

मापं घेतानाच एक गोष्ट निघाली. डाव्या मांडीचं माप आणि उजव्या मांडीचं माप जुळेना. परत घेतलं. दीड सेंटीमीटरचा फरक तसाच. मॅडमनी सोनूला उताणा करून दोन्ही गुडघे मिटून पावलं शेजारी शेजारी ठेवली. उजवा गुडघा खाली. सोनूचे दोन्ही पाय तसेही डावीकडे झुकतात, वाऱ्याने एका बाजूला पाडल्यासारखे. उजवी मांडी सतत आत येते. अशा वेळी आत येणाऱ्या बाजूचा खुबा हळूहळू वाटीतून बाहेर सरकतो, दुखत नाही म्हणून कळत नाही. त्यांनी तिथेच खुर्चीचं काम थांबवलं आणि खुब्याचा एक्स-रे काढून या म्हणाल्या.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन काढला. मायग्रेशन पर्सेंटेज म्हणून आकडा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर किती टक्के गेलाय तो. उजवीकडे 34, डावीकडे 18. तीसच्या वर गेलं की खुबा सरकला असं धरतात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, सध्या ऑपरेशन नाही, सहा महिन्यांनी परत एक्स-रे, आणि पाय फाकवून बसवणं, उभं करणं चालू ठेवा. सीपीच्या साधारण दर तीन मुलांत एकाचा खुबा सरकतो, आणि पायरी जितकी वरची तितका धोका जास्त. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या 2006 च्या अभ्यासात पहिल्या पायरीवर एकाचाही नव्हता आणि पाचव्या पायरीवर शंभरात नव्वद जणांचा होता. स्वीडनमध्ये 1994 पासून सीपीच्या मुलांची नोंद ठेवून ठरलेल्या वेळी एक्स-रे काढतात, आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं जवळपास बंद झालंय. तुमच्या मुलाचा एक्स-रे कधी काढला होता? खुर्ची राहू दे, आधी ते बघा.

आता खुर्ची. मेस्तांनी कागदावरची मापं बघितली आणि म्हणाले, ‘वयनी, मूल आणा. कागदावर मूल बसत नाही.’ नेलं. त्यांनी सोनूला एका जुन्या पाटावर बसवलं, स्वतः खाली उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते त्याच्या टाचांकडे बघत राहिले. मग विचारलं, ‘ह्याच्या टाचा मागे जायला बघतात, मग खुर्चीची पुढची फळी आड येणार ना?’ तयार पेटीसारख्या खुर्च्यांत ती फळी असतेच. इथे ती नाही. बैठकीच्या पुढच्या कडेखाली त्यांनी लाकूड तिरकं तासलंय आणि खाली मोकळं ठेवलंय. फूटरेस्ट गुडघ्याच्या बरोबर खाली नाही, थोडा मागे आहे. त्यामुळे सोनूचे गुडघे नव्वद अंशांपेक्षा जास्त मिटतात, मागचा स्नायू सैल राहतो, पेल्व्हिस उभा राहतो. या एका गोष्टीसाठी मी या खुर्चीला पैकीच्या पैकी देईन. बाकीचं सगळं नंतर.

बैठक सपाट नाही. बसायची हाडं येतात तिथे किंचित खोलगट आणि त्यांच्या पुढे मांड्यांखाली उंचवटा, म्हणजे बूड पुढे निघायला गेलं की अडतं. खाली कडक फोम, वर मऊ, दोन थर. नुसता मऊ फोम घातला तर मूल रुततं आणि ज्या बाजूला कडक आहे त्या बाजूला कलंडतं. उजव्या बाजूची बैठक डावीपेक्षा दीड सेंटीमीटर आखूड कापलीय, मांडीच्या मापाप्रमाणे. बघणाऱ्याला वाटतं मेस्तांचा हात चुकला. आमच्या शेजाऱ्यांनी तसं विचारलंही.

पट्टा एकच महत्त्वाचा, कमरेचा. तो पोटावरून जात नाही. बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून निघून 45 अंशांत वर येतो आणि पुढच्या दोन हाडांच्या खाली बसतो. मांड्यांच्या मध्ये खुंटी आहे, गादी लावलेली. ती पाय फाकलेले राहावेत म्हणून आहे, मूल घसरू नये म्हणून नव्हे. ती गुडघ्यांजवळ असते, जांघेशी नाही. जांघेशी खुंटी लावलेल्या खुर्च्या मी पाहिल्यात, त्यात मुलाचं सगळं वजन भलत्याच जागी येतं. बाजूच्या गाद्या बगलेत खुपसलेल्या नाहीत, बगलेपासून चार बोटं खाली आहेत. छातीचा पट्टा मेस्तांनी करून दिला होता, तो आता कपाटात आहे.

पाठीची फळी खाचांमध्ये बसते. दर दोन सेंटीमीटरवर खाच आहे. सोनू वाढला की फळी एक खाच मागे. फूटरेस्टलाही तशीच भोकं आणि फुलपाखरू नट, पाना लागत नाही. मुलांचं हाड वाढतं आणि कडक स्नायू त्या वेगाने वाढत नाही, म्हणून वाढीच्या वर्षांत सांधे जास्त आखडतात. मेंदूतली इजा आहे तेवढीच राहते, शरीर मात्र बदलत राहतं. त्यामुळे न बदलणारी खुर्ची कितीही चांगली असली तरी वर्षाभरात वाईट होते.

फरक काय पडला? जेवणात सगळ्यात जास्त. आधी उकड्या तांदळाची पेज भरवताना त्याला ठसका लागायचा, कारण हनुवटी कधी छातीत तर कधी वर. आता मान स्थिर असते, चमचा समोरून जातो. उजवा हात ट्रेवर टेकवून तो पावाचा तुकडा स्वतः तोंडात घालतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून हॉर्न वाजवत आला की आधी ट्रेवर थाप पडते. वही ट्रेवर ठेवून रेघोट्या ओढतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट वाजवून आरती झाली तेव्हा तो पूर्ण आरतीभर बसला, पाठ टेकून, एकदाही वर ओढावा लागला नाही. ताशाला दचकतो अजून, तो भाग वेगळा.

ट्रेची उंची कोपराच्या मापात असावी लागते. थोडी वर झाली की खांदे कानाला लागतात. आमचा ट्रे पहिल्यांदा वर झाला होता, मेस्तांनी पट्टी कापून खाली घेतला, पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी, कारण आहेत. एक, वजन. फणसाचे पाय आणि 18 मिलिमीटरचा प्लाय, ही खुर्ची एका बाईने उचलायची नाही. चाकं लावून मागितली तर मेस्त नको म्हणाले, शेणाने सारवलेल्या अंगणात आणि ओसरीच्या पायरीवर चाकं धोका देतात. त्यांचं म्हणणं बरोबर असेल, पण स्वयंपाकघरातून पडवीत न्यायची तर नवरा घरी येईपर्यंत थांबावं लागतं. दोन, ती मिटत नाही. कदंबाच्या बसमध्ये नेण्याचा प्रश्नच नाही, शाळेत वेगळी व्यवस्था बघावी लागली. तीन, रेक्झिन. जुलैमध्ये शिवणीच्या कडेने बुरशी धरली. दर दोन दिवसांनी व्हिनेगरच्या फडक्याने पुसायला लागायचं. मी आता वरून सुती कव्हर शिवलंय, नाड्यांचं, धुता येतं, घामही जिरतो. ते मेस्तांनी सुरुवातीलाच सुचवायला हवं होतं, पण कपडा हा त्यांचा विषय नाही. वेल्क्रोमध्ये केस आणि धागे अडकून तो धरेनासा होतो, म्हणून कमरेच्या पट्ट्याला मी शाळेच्या दप्तराचं बक्कल लावलं. वाळवीसाठी पायांना खालून डांबर मारून घ्या, आम्ही मारून घेतलं.

चौथी तक्रार मोठी आहे. ही खुर्ची मागे कलत नाही. पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट भरला होता, तिथे एका स्टॉलवर टिल्टची खुर्ची बघितली होती, बैठक आणि पाठ एकत्र मागे कलतात, कोन बदलत नाही. मूल दमलं की जरा कलवायचं, वजन पाठीवर जातं. मेस्तांनी पुढच्या पायांखाली घालायला दोन लाकडी ठोकळे करून दिलेत. काम चालतं, पण खुर्ची धरायला दुसरं माणूस लागतं. ज्या मुलांची मान धरत नाही, किंवा ज्यांचा कणा आधीच इंग्रजी ‘एस’सारखा वळलाय, त्यांनी लाकडी खुर्चीच्या वाटेला जाऊ नये. त्यांना साच्यातून काढलेली बैठक किंवा टिल्टच लागते, आणि ते ठरवायला ऑर्थोपेडिक डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघंही हवेत.

आणि खुर्ची कितीही छान झाली तरी मुलाला दिवसभर तीत बसवू नका. हे मी जरा जोरात लिहितेय, कारण घरात सगळ्यांना मोह होतो. मूल शांत बसतं, आपली कामं होतात. पण खुर्चीत खुबे मिटलेले असतात, गुडघे मिटलेले असतात, आमच्या खुर्चीत तर मुद्दाम जास्त मिटलेले. जे स्नायू आधीच आखूड आहेत त्यांना तीच आखूड जागा तासन् तास दिली तर ते तिथेच घर करतात. खुर्ची जेवणासाठी, अभ्यासासाठी, माणसांत बसण्यासाठी. बाकी वेळात सोनू पोटावर पालथा असतो, छातीखाली पाचर ठेवून, म्हणजे खुबे सरळ होतात. आणि रोज स्टँडिंग फ्रेममध्ये उभा असतो, पाय फाकवून, गुडघे सरळ धरणारे गेटर लावून. मॅडमनी रोज तासभराचं सांगितलंय. पाऊण ते एक तास उभं राहिल्याने सांधे मोकळे राहायला मदत होते, हाडांसाठी त्याहून जास्त लागतं. सलग जमत नसेल तर दोन वेळा. आमचा सकाळी निम्मा वेळ टीव्हीसमोर, संध्याकाळी निम्मा पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत.

खुर्चीने आखडलेला सांधा उघडला का, असं मला बऱ्याच आया विचारतात. नाही. 55 अंश होते, आजही तेवढेच आहेत, दोन-चारचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा. ताठरपणा आणि आखडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोपेत सोनूचा ताठरपणा बराच उतरतो, पाय मऊ लागतात, पण गुडघा तरी पूर्ण उघडत नाही. जो भाग झोपेतही उघडत नाही तो आखडलेला. बोटॉक्सच्या इंजेक्शनने ताठरपणा साधारण तीन महिने कमी होतो, आखडलेला भाग त्याने सुटत नाही. त्याला ओळीने बदलत जाणारी प्लॅस्टर्स, नाहीतर ऑपरेशन. आणि आपण सकाळ-संध्याकाळ जे पाय ताणतो, त्याबद्दल 2017 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला होता, नुसत्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही असं त्यात निघालं. मॅडमना मी हे विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणूनच तर खुर्चीच्या मापांवर इतका वेळ घालवते. पाच मिनिटं ताणायचं आणि पाच तास वाकडं बसवायचं, ह्याला काय अर्थ?’ ताणणं आम्ही बंद केलेलं नाही. त्याला आंघोळीनंतर ते आवडतं.

पैशांचं थोडं. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साधनं मिळतात, कानपूरचं अलिम्को, 1972 पासूनची सरकारी कंपनी, सीपी चेअरही बनवते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असू द्या. तिथून खुर्ची मिळाली तरी ती थेरपिस्टला दाखवूनच वापरा, फूटरेस्ट मागे घेता येतो का, बैठकीत पाठीमागे फळी घालून खोली कमी करता येते का, ते बघा. बऱ्याच तयार खुर्च्या शेदोनशे रुपयांच्या फोममध्ये सुधारतात. आमची सुधारली नाही, कारण वेल्डिंग. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजनाही आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, सीपी तीत येतं. थेरपीच्या खर्चाला ती उपयोगी पडते.

मेस्तांचा नंबर इथे देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. प्रत्येक फोनवर लोक ‘किती सायझमध्ये येते’ विचारतात आणि त्यांना राग येतो. डिचोली बाजारात विचारलं तर कुणीही शेड दाखवेल. थेरपिस्टने सही केलेली मापं न्या, मूल न्या, एएफओ घालून न्या. सोनूच्या खुर्चीचा फोटो दाखवून ‘हीच द्या’ म्हणू नका, उजवीकडची बैठक आखूड येईल. चवथीच्या आधी दोन महिने तर जाऊच नका. तेव्हा ते गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या चौकटी आणि मखरांत असतात, आणि घेतलेलं काम दिवाळीपर्यंत हलत नाही.